प्रॉम्प्टरच्या घरची डच

डच लोक फार काटकसरी असतात म्हणे. असतील. दोन शब्दांच्या मधली जागासुद्धा ते वाया जाऊ देत नाहीत. आपण ‘आजारपणाच्या खर्चाचा विमा’ असं सुटंसुटं, मध्ये श्वास घेत बोलतो. त्यांना तेवढी सवड नाही. आजार, खर्च आणि विमा असे तिन्ही शब्द ते एकमेकांना चिकटवून टाकतात आणि परक्या माणसाच्या तोंडात एकदम कोंबतात. झीकतकॉस्तनफरझेकरिंग. हा शब्द मी लॅपटॉपवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, शिकवणाऱ्या बाईंच्या कीबोर्डवरचं जागा सोडायचं बटण बिघडलं असेल. मी त्यांना तसं नम्रपणे विचारलंसुद्धा. त्या हसल्या आणि त्यांनी याहून लांब शब्द दाखवला.

मी नर्स. भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी आणि आंधळगावहून रोज येणं-जाणं. हॉलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला हात कमी पडतात, म्हणून तिकडचे लोक आपल्याकडच्या नर्सा नेतात. आपल्याकडे म्हातारी माणसं कमी आहेत का, असं कोणी विचारत नाही, तशी पद्धत नाही. नेण्याआधी ते ऑनलाइन डच शिकवतात आणि मग बोलण्याची परीक्षा घेतात. पास झालं तर विमान, नाहीतर आहेच आपली भंडाऱ्याची बस.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे बाबा. आई मी नर्सिंगला असतानाच गेली. भाऊ नाही, बहीण नाही. म्हणजे मी गेले की घरात बाबा एकटे. ही गोष्ट गावाला माझ्याआधी कळली होती आणि जो तो मला ती नव्यानं सांगत होता.

“बापाले टाकून चालली का वो बाई?” शेजारच्या काकूंनी भर रस्त्यात विचारलं. काकूंचे दोन्ही मुलगे पुण्याला असतात. त्यांनी आईला टाकलेलं नाही, त्यांनी प्रगती केलेली आहे. पोरगा गेला की प्रगती आणि पोरगी गेली की टाकून. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मी काकूंना म्हटलं, “हो ना काकू, जाता जाता तुमच्या दारात ठेवून जाईन म्हणते.” त्यानंतर काकूंनी अबोलाच धरला. तेवढाच आराम.

बाबांनी मात्र ‘जा’ म्हटलं नाही की ‘नको जाऊ’ म्हटलं नाही. मी सांगितलं तेव्हा ते शेतावरून, धानाच्या बांधीतून नुकतेच आले होते आणि अंगणात पाय धूत होते. “बरं,” म्हणाले. आणि पाय जरा जास्तच वेळ धुतले. मला एवढंच पाहिजे होतं, की या माणसानं तोंड उघडून एकदा काय ते सांगावं. जा म्हणा, मी जाते. राहा म्हणा, मी चिडेन, भांडेन, पण राहीनही कदाचित. ‘बरं’ म्हणजे काय? ‘बरं’ तर आम्ही दुधवाल्यालाही म्हणतो.

आणि गंमत अशी, की या माणसाचा धंदाच दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालण्याचा. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, पाहुणेरावळे, आणि रात्री नाटक. शेती सांभाळून बाबा या नाटकांचे प्रॉम्प्टर. आमच्याकडच्या नटांना एका हंगामात इतकी नाटकं करायची असतात, की पाठांतर करत बसायला वेळ कोणाला? प्रॉम्प्टर विंगेत पुस्तक घेऊन बसतो आणि वाक्य फेकतो. नट ते झेलतो आणि दुप्पट आवाजात लोकांवर फेकतो. बाबांचा धर्म एकच. स्टेजवर कोणी चूप बसता कामा नये. नट तोंड उघडून थांबला की बाबांचा जीव खालीवर होतो. तो विसरून थांबला आहे की रडायला थांबला आहे, याच्याशी बाबांना काही देणंघेणं नाही. एकदा एका नायिकेनं मेलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसून चांगला लांब पॉज घेतला. बाबांनी पुढचं वाक्य दिलं. ती बोलेना. बाबांनी परत दिलं, जरा मोठ्यानं. शेवटी मेलेला नवरा डोळे न उघडता म्हणाला, “आयकलं तिनं.” त्या नाटकाला इतकी दाद कधीच मिळाली नव्हती म्हणतात.

तर अशा घरात माझी डच सुरू झाली. आमचं घर दोन खोल्यांचं. मधल्या चौकटीला दार बसवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं, तिथं पडदा आहे. पुढच्या खोलीत नेटवर्क चांगलं येतं म्हणून मी तिथं लॅपटॉप घेऊन बसायची, आणि बाबा पडद्याच्या मागं भाजी निवडत किंवा सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत.

शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, गोऱ्या, चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला. त्यांचं म्हणणं असं, की लांब शब्द पाहून घाबरायचं नाही. आधी त्याचे जोड शोधायचे. कुठं एक शब्द संपून दुसरा चिकटवला आहे ते पाहायचं आणि तिथं रेघ मारायची. मग एकेका तुकड्याची अक्षरं मोकळी करायची. झीक-त. कॉस-तन. फर-झे-क-रिंग. सावकाश म्हणायचं, मग भरभर म्हणायचं, मग रेघा पुसून टाकायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोर पहिल्या तुकड्यावर द्यायचा. झीकवर दणकून पाय ठेवायचा आणि बाकीची शेपटी नुसती ओढत न्यायची. मधले ‘त’ आणि ‘क’ तर अर्धवट गिळूनच टाकायचे.

हे ऐकायला सोपं. पण आमच्याकडं सगळ्या अक्षरांना सारखा पगार असतो. मी आठही अक्षरं ठणठणीत, एकसारखी, पाढे म्हटल्यासारखी म्हणायची. बाई म्हणायच्या, “हेल खूत!” म्हणजे फारच छान. माझ्यानंतर केरळची एक मुलगी म्हणायची, तिलाही हेल खूत. एका मुलीचा आवाजच आला नाही, माईक बंद होता, तिलाही हेल खूत. डच लोक तोंडावर खरं बोलतात असं मी वाचलं होतं. डच तर बेल्जियममध्येही बोलतात; या बाई बहुतेक तिकडच्या असाव्यात.

दवाखान्यातले शब्द त्यातल्या त्यात बरे होते. ब्लूट म्हणजे रक्त, द्रुक म्हणजे दाब, मेतर म्हणजे मीटर. ब्लूट-द्रुक-मे-तर. झालं बीपी मोजायचं यंत्र. मी ते यंत्र रोज बाबांच्या दंडाला लावायची आणि लावता लावता शब्द म्हणायची. शब्द सरळ यायचा, बाबांचा आकडा काही सरळ यायचा नाही.

“गोळी घेतली का?”

“घेतली ना.”

“कधी?”

“काल.”

मी गेल्यावर हा माणूस गोळी परवाही घेणार नाही, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मी यंत्राची हवा सोडायची.

मग एक दिवस तो मोठा शब्द आला. माणूस कामाला निकामी झाला तर त्याला जो विमा मिळतो, त्याचं नाव. आर-बाइट्स-ऑन-ख-स्खिक्ट-हाइट्स-फर-झे-क-रिंग. हा शब्द म्हणून होईपर्यंत धडधाकट माणूस निकामी होऊन विम्याला पात्र ठरतो. मी ‘आरबाइट्स’पर्यंत पोचले आणि अडकले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकले. आणि पडद्यामागून हळू, स्वच्छ आवाज आला, “ऑन-ख.”

मी पडदा सरकवला. बाबा खर्रा घोटत बसले होते.

“तुमाले कसं येते हे?”

“चार दिवसांपासून आयकून राहिलो. त्या बाईचं, तुयं, साऱ्या पोरीचं. आता कानात बसलं.” आणि त्यांनी पूर्ण शब्द म्हणून दाखवला. तो घशातून खरवडून काढायचा ‘ख’, जो काढताना मला ठसका लागायचा, तो बाबांच्या तोंडून असा निघाला की काय सांगू! जन्मभर खर्रा खाऊन खाकरणाऱ्या माणसाला डच उपजतच येते. आमच्या जिल्ह्यातली निम्मी माणसं या एका अक्षरावर हॉलंडला जाऊ शकतील.

झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बाबांनी माझी तालीम हातात घेतली. ते शब्द फेकायचे, मी झेलायची. भात शिजता शिजता, अंगण झाडता झाडता. फक्त त्यांचा शब्द नाटकाचा होता. जोर पहिल्या तुकड्यावर द्यायचा हे त्यांना कदापि मान्य नव्हतं. “सुरुवातीलेच सारा दम खर्च केला तं शेवटी टाळी कोठून येईन?” त्यांचा जोर शेवटावर. फरझेकरिंऽऽऽग! मिशीला पीळ देऊन, राजाच्या अंगावर धावून गेल्यासारखा. मीही तेच उचललं, कारण जो समोर बसून शिकवतो त्याचंच आपल्याला लागतं. पुढच्या तासाला बाईंनी मला ‘हेल खूत’ म्हटलं नाही. जरा थांबून त्यांनी काळजीनं विचारलं, “विम्यावर तुमचा काही राग आहे का?”

शेपटी हलकी करायला मला पंधरवडा लागला. पण खरं सांगायचं तर ते दिवस चांगले होते. आई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो. बोलत होतो ते आजारपण आणि विम्याबद्दल, तेही परक्या भाषेत, ती गोष्ट वेगळी.

परीक्षा घरूनच होती, सकाळी. नियम असा, की खोलीत दुसरं कोणी नको. कॅमेरा फिरवून चारही भिंती दाखवायच्या. मी तीन भिंती आणि एक पडदा दाखवला, आणि समोरच्या माणसानं पडद्याला भिंत मानलं. बाबांना मी आधीच बांधीकडे पाठवलं होतं. जाताना ते दोनदा मागं वळून म्हणाले, “अटकली तं?” मी म्हटलं, “नाही अटकत. जा तुमी.”

परीक्षा घेणारा माणूस तरुण होता, चेहऱ्यावर काही नाही. त्यानं बीपीबद्दल विचारलं, मी सांगितलं. पडलेल्या म्हाताऱ्या बाईला कसं उठवाल, ते सांगितलं. विम्याचा शब्द आला, झीकवर पाय ठेवून शेपटी ओढत नेली. स्वतःचं स्वतःलाच हेल खूत म्हणावंसं वाटलं. मग त्यानं कागद बाजूला ठेवला आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, की तुम्ही इकडे आल्यावर तुमच्या घरच्यांची काळजी कोण घेईल?

सोपा प्रश्न. एकही लांब शब्द नाही. मला सगळं कळलं आणि मी गप्प झाले. शब्द आठवत नव्हता असं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, हळू, स्वच्छ, “झीक-त.”

बाबा मागच्या दारानं परत आले होते.

“झीक-त... कॉस-तन.”

“हॅलो?” समोरचा माणूस म्हणाला. “तिथं कोणी आहे का?”

नायिकेला ऐकू गेलं नाही असं समजून बाबांनी तिसऱ्यांदा दिलं, आता शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल असं. “झीकतकॉस्तन-फरझेकरिंऽऽऽग!”

प्रश्न होता, घरच्यांची काळजी कोण घेईल. उत्तर पडद्यातून आलं, आरोग्य विमा. एवढं नेमकं सरकारी उत्तर मला जन्मात सुचलं नसतं.

त्या माणसानं पडदा बाजूला करायला लावला. मागं धानाच्या पोत्यावर बाबा बसले होते, पायाला बांधीचा चिखल तसाच. त्यांनी कॅमेऱ्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. परीक्षा तिथंच रद्द झाली. पुन्हा द्यायची असेल तर नागपूरला केंद्रावर येऊन, समोरासमोर.

मी लॅपटॉप आपटून बंद केला. “तुमाले कोणं सांगतलं होतं मधात बोलाले?”

“तू अटकली होती.”

“मी अटकली नव्हती!”

“मंग काहून चूप होती?”

मी आतल्या खोलीत जाऊन भांडी घासली, घासलेली परत घासली. दुपारपर्यंत गावभर झालं, आणि काकूंचा अबोला सुटला. दारात येऊन म्हणाल्या, “बापच तो. त्यानं बरोबर केलं. पोरगी जाऊ नये म्हणून कराच लागते काहीतरी.” काकूंना मी हाकललं, पण ते वाक्य काही त्यांच्यासोबत गेलं नाही. खरंच तसं असेल तर? तोंडानं ‘बरं’ म्हणायचं आणि पडद्यामागून परीक्षा पाडायची? संध्याकाळी जेवायला वाढलं आणि सरळ विचारलं, “मी जाऊ नये म्हणून केलं का तुमी हे?”

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांचा चेहरा असा उतरला की मला विचारल्याची लाज वाटली. “नाही वो माय,” म्हणाले. “कोणी अटकलं का मले बसवत नाही. तुले अटकलेली कसा पाहू मी?” आणि मान खाली घालून जेवले. तरीही ‘जा’ म्हटलं नाहीच.

नागपूरला ते माझ्यासोबत आले. मी नको म्हणत होते, पण बसमध्ये माझ्याआधी चढून खिडकी धरून बसले होते, काय करता? परीक्षेच्या इमारतीसमोर चहाची टपरी होती. त्यांना तिथल्या बाकावर बसवलं आणि बजावलं, “इथून हालाचं नाही.” टपरीवाल्यालाही सांगितलं, की यांना रस्ता ओलांडू देऊ नका. तो म्हणाला, “ताई, दिखता नहीं क्या इनको?” मी म्हटलं, “दिसतं. ऐकूही येतं. तेच तर.”

वर काचेची खोली, एसी, समोर एक वयस्कर डच बाई. सगळं नीट चाललं होतं. लांब शब्द येत होते, मी जोड पाहून तोडत होते, पहिल्या तुकड्यावर जोर देत होते. मग तिनं घरच्यांबद्दल विचारलं. मी म्हटलं, वडील आहेत, शेती करतात, नाटकाचं काम करतात. ती म्हणाली, वा. आणि मग म्हणाली, “मग त्यांच्यासोबत कोण असेल?”

पुन्हा तेच. सवयीनं, अगदी वेड्यासारखं, मी मागं कान दिला. मागं काच होती. कोणी काही दिलं नाही.

“नीमांट,” मी म्हटलं.

नी-मांट. दोन अक्षरं, जोर पहिल्यावर. उच्चार इतका स्वच्छ आला की आमच्या बाईंनी खरोखरच हेल खूत म्हटलं असतं. या बाईनं मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, की जखमेची पट्टी दिवसातून किती वेळा बदलाल? मी सांगितलं. तासाभरानं पास झाल्याचंही सांगितलं त्यांनी.

खाली आले तर बाबा बाकावरून उठून उभे, हातात चहाचा ग्लास.

“काय झालं?”

“पास.”

“अटकली का कुठं?”

“एका जागी.”

“मंग?”

“मंग काय, मीच बोलली.”

“कोणता शब्द?” त्यांचे डोळे चमकले. त्यांना वाटलं असेल, दहा-बारा अक्षरांचा असेल. मी सांगितला. त्यांनी तो तोंडात घोळवला. “नी... मांट. नीमांट.” मग जरा नाराजीनं, “एवढुसा? याच्यात काय अटकते वो? अर्थ काय होते याचा?”

मला खोटं बोलता आलं असतं. “कोणीच नाही,” मी म्हटलं. “त्या बाईनं विचारलं, तुमच्या वडिलांसोबत कोण राहीन म्हणून.”

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, टपरीवाला ग्लास विसळत होता. ज्या माणसानं मेलेल्याला बोलायला लावलं, तो फुटपाथवर तोंड उघडून उभा होता आणि त्याला काही सुचत नव्हतं. त्याला असा उभा पाहणं माझ्यानं होईना.

“जा म्हणा ना बाबा,” मी हळू म्हटलं.

“जा,” बाबा म्हणाले.

आवाज चढला नाही, शेवट लांबला नाही. शब्द माझाच होता, मीच दिला होता, त्यांनी नुसता म्हटला. तरी मी भर रस्त्यात ढसाढसा रडले, आणि ते चहाचा ग्लास माझ्या पुढं धरून उभे राहिले.